ॲक्टिन फक्त स्नायूंच्या पाठात नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अकरावीच्या विद्यार्थ्यांना ॲक्टिन हे तंतू घडवणारे प्रथिन नीट भेटते ते स्नायूंच्या पाठात, मायोसिन या जोडीदार प्रथिनाशेजारच्या बारीक रेघेसारखे. त्यामुळे ॲक्टिन म्हणजे मागावरच्या ताण्यासारखा कायम ताणलेला धागा, हा समज पक्का होतो. सोलापूरच्या मुलांना ताणा समजावून सांगावा लागत नाही, म्हणून ही उपमा शिकवतानाही चटकन तोंडी येते. पण सरकणाऱ्या पेशीला ती लागू नाही. जखमेकडे निघालेली पांढरी पेशी पुढच्या कडेला तंतू घडवते आणि मागे तितक्याच वेगाने ते उसवते. या उसवण्याबद्दल वर्गात कुणी बोलत नाही.

मोकळा ॲक्टिन रेणू ३७५ अमिनो आम्लांचा असतो, त्याच्या खाचेत एटीपी हा पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू बसलेला असतो. दोन-तीन रेणू जुळले तरी लगेच सुटतात, म्हणून तंतूची सुरुवातच अवघड. ती करून देतो एआरपी २/३ हा सात प्रथिनांचा गट. कडेला रॅक हे प्रथिन जागे झाले की वेव्ह नावाचा गट एआरपी २/३ला चालना देतो आणि जुन्या तंतूच्या अंगावर सुमारे ७० अंशांच्या कोनात नवी फांदी फुटते. फांदीचे वाढते टोक पेशीपटलाकडे असते. पटल सतत थरथरते. फट पडली की प्रोफिलिन या वाहक प्रथिनाने आणलेला ॲक्टिनचा रेणू तिथे बसतो, तंतू २.७ नॅनोमीटरने वाढतो आणि पटलाला मागे येता येत नाही. फांदी लांबली तर बारीक काडीसारखी वाकेल आणि ढकलण्याचा जोर जाईल. म्हणून टोपी घालणारे प्रथिन थोड्याच वेळात तिचे टोक बंद करते.

माशाच्या खवल्यावरची केराटोसाइट पेशी मिनिटाला १० मायक्रोमीटरहून जास्त सरकते. म्हणजे पुढच्या प्रत्येक वाढत्या टोकाला सेकंदाला ६०हून अधिक रेणू हवेत. ते येणार कुठून? नवे प्रथिन बनवायला इतका वेळ नसतो, जुने तंतू मोडूनच ते मिळवावे लागतात. नुसते शुद्ध ॲक्टिन परीक्षानळीत ठेवले तर एका टोकाला जोडणे आणि दुसऱ्या टोकाला सुटणे सेकंदाला एक नॅनोमीटरसुद्धा होत नाही. पेशीत हे काम कोफिलिन हे तंतू तोडणारे प्रथिन वेगाने करून घेते. तंतूत बसल्यावर एटीपीचा एक फॉस्फेट सुटून एडीपी उरते, आणि कोफिलिन अशा जुन्या, एडीपीच्या भागालाच घट्ट धरते. तुटते ते कोफिलिन बसलेल्या आणि न बसलेल्या भागांच्या सांध्यावर. म्हणूनच सगळा तंतू कोफिलिनने झाकला गेला तर तुटणे उलट कमी होते. सुटलेल्या रेणूवरचे एडीपी प्रोफिलिनच्या मदतीने जाऊन एटीपी येते. मोकळ्या रेणूंचा उरलेला साठा थायमोसिन बीटा-४ हे प्रथिन धरून ठेवते, नाहीतर नको तिथे तंतू वाढतील.

समुद्री स्पंजातून मिळणारे लॅट्रुंक्युलिन हे रसायन मोकळे रेणू अडकवते, तर जॅस्प्लाकिनोलाइड हे दुसरे रसायन तंतू मोडूच देत नाही. परिणाम एकच, पेशी थांबते. वर्गात एवढी एक जोडी सांगितली तरी मुद्दा पोहोचतो.

सरकणारी पेशी म्हणून अमीबा दाखवायचे प्रात्यक्षिक खर्चाचे नाही. तळ्याच्या काठचा थोडा गाळ आणि कुजलेली पाने तळ्याच्याच पाण्यात, पसरट भांड्यात, सावलीत ठेवावीत. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने अमीबा मरतो. उकडलेल्या तांदळाचे दोन-तीनच दाणे टाकावेत. जास्त झाले तर जिवाणू माजतात आणि पाण्याला वास मारतो. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हाळ्यात हा खटाटोप करू नये, गड्ड्याच्या यात्रेचे गार दिवस बरे. एक-दोन आठवड्यांनी तळाचा थेंब घ्यावा. अमीबा दरवेळी सापडतोच असे नाही, म्हणून ज्या महाविद्यालयाकडे तो टिकला त्याने शेजारच्यांना वाटावा. आच्छादन काचेखाली केसाचे तुकडे ठेवावेत, नाहीतर तो चेंगरतो. काचपट्टीवर घेताच तो आक्रसून गोल होतो, त्यामुळे १०-१५ मिनिटे थांबावे. सूक्ष्मदर्शकाचे १०० पट वर्धन पुरेसे आहे, मात्र त्याचा डायाफ्राम (उजेडाची झडप) बराचसा मिटून उजेड कमी करावा. भर उजेडात पारदर्शक टोक दिसत नाही आणि मुले 'काहीच नाही' म्हणून उठतात.

एक सांगायलाच हवे. अमीबाच्या जाड पायाला (सरकताना पुढे काढलेल्या छद्मपादाला) मुख्य जोर कडेच्या ॲक्टिन-मायोसिन थराच्या आकुंचनातून मिळतो, वर सांगितलेल्या फांद्यांच्या जाळ्यातून नव्हे. पण टोकाशी घट्ट होणारा आणि शेपटीकडे पुन्हा पातळ होऊन वाहणारा पेशीद्रव मुलांना तिथे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतो.

आपले,
जीवशास्त्राचे काही शिक्षक, सोलापूर