मेलेल्या डॅनला कुणी उठवलं?

महोदय,

कालच्या पुरवणीतला ‘प्रेक्षकांनी वाचवलेल्या मालिका’ हा लेख वाचला. रात्री झोपल्यावर राग निवेल असं वाटलं होतं. निवला नाही, म्हणून हे पत्र. लेखकमहाशयांचं म्हणणं थोडक्यात असं, की अमेरिकेत एखादा सिटकॉम, म्हणजे विनोदी मालिका, बंद झाला की चाहते समाजमाध्यमांवर टाहो फोडतात, वाहिनीवाल्यांना पाझर फुटतो आणि मालिका परत येते. वाचायला छान वाटतं. ‘खास लोकाग्रहास्तव’ असं छापलेली नाटकाची जाहिरातही वाचायला छानच वाटते.

लेखात सगळी भिस्त ‘ब्रुकलिन नाइन-नाइन’वर आहे, तर तिथूनच सुरुवात करते. १० मे २०१८ला फॉक्स वाहिनीनं ती मालिका बंद केली आणि दुसऱ्याच दिवशी एनबीसी या दुसऱ्या वाहिनीनं उचलली, इथवर बरोबर. मधल्या वेळात मार्क हॅमिल, लिन-मॅन्युएल मिरांडा वगैरे नामवंत कलाकारांनी हळहळ व्यक्त केली, तेही खरं. पण ती मालिका बनवत कोण होतं, हे आपल्या लेखकांना सांगावंसं वाटलं नाही. बनवत होती युनिव्हर्सल टेलिव्हिजन, म्हणजे एनबीसीच्याच घरातली कंपनी. फॉक्सच्या दृष्टीनं ती भाड्याची खोली होती. दर भागामागे पैसे मोजायचे फॉक्सनं आणि पुढे पुनःप्रक्षेपणाची, परदेशी विक्रीची मिळकत जायची घरमालकाकडे. प्रेक्षक घटल्यावर फॉक्सनं खोली सोडली आणि मालकानं स्वतःच येऊन कुलूप उघडलं. यात ट्विटरचं श्रेय किती, ते आपणच ठरवा.

आणि त्याच आठवड्यात त्याच फॉक्सनं ‘लास्ट मॅन स्टँडिंग’ ही मालिका परत आणली, त्याचा लेखात उल्लेखही नाही. ती एबीसी या आणखी एका वाहिनीनं वर्षभरापूर्वी बंद केली होती. बनवत होती ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स टेलिव्हिजन, म्हणजे फॉक्सच्या घरातली कंपनी. म्हणजे परक्याची मालिका काढली आणि आपली आणली. पुढची गंमत अशी, की २०१९च्या मार्चमध्ये ती निर्मिती कंपनीच डिस्नेनं विकत घेतली. एबीसी डिस्नेचीच. म्हणजे आता फॉक्स प्रतिस्पर्ध्याच्या घरी पैसे पाठवू लागली. २०२१मध्ये मालिका संपली. त्या वेळीही चाहते होतेच की! त्यांचा आग्रह तेव्हा कुठे गेला?

हे असं नेहमीच नव्हतं. १९७०च्या सुमारास तिथल्या सरकारी आयोगानं नियम केला होता, की संध्याकाळच्या मुख्य वेळेतल्या बहुतेक मालिकांमध्ये वाहिन्यांनी मालकीचा वाटा ठेवायचा नाही आणि पुनःप्रक्षेपणाच्या धंद्यातही पडायचं नाही. नव्वदीच्या दशकात तो नियम गेला. तेव्हापासून ‘ही चालते का?’ याच्या जोडीनं ‘ही आपली आहे का?’ हाही प्रश्न विचारला जाऊ लागला. सिटकॉमची खरी कमाई पहिल्या प्रक्षेपणात नसतेच. शंभरेक भाग झाले की ती स्थानिक केंद्रांना आणि केबलवाल्यांना आठवड्याचे पाचही दिवस लावायला विकता येते आणि तेव्हा निर्मात्याला घातलेले पैसे सुटतात. त्यामुळे ऐंशी-नव्वद भागांपर्यंत रखडत आलेल्या घरच्या मालिकेला आणखी एक पर्व मिळतं आणि तिच्याहून जास्त बघितली जाणारी परकी मालिका निमूट घरी जाते. एवढं साधं गणित लेखात दोन ओळींत मावलं असतं. त्याऐवजी आपण तीन कलाकारांचे हसरे फोटो छापलेत.

पण मला राग आला तो एका वाक्यानं. ‘रोझॅन’ या जुन्या मालिकेच्या पुनरागमनाबद्दल आपले लेखक लिहितात की ‘प्रेक्षकांना त्यांचं कुटुंब परत मिळालं’.

कोणतं कुटुंब हो?

माझी थोरली बहीण आणि मी, दोघींनी ती मालिका डीव्हीडीवर पहिल्या भागापासून पाहिली होती. लॅनफर्डमधलं ते कॉनर कुटुंब, कायम थकलेलं बिल, तो विणलेल्या रंगीबेरंगी पांघरुणाचा सोफा. नववं पर्व अगदीच वाह्यात निघालं. लॉटरी काय लागते, श्रीमंती काय येते! ताई म्हणाली, बंद कर. मी हट्टानं शेवटपर्यंत लावलं. आणि १९९७च्या त्या शेवटच्या भागात रोझॅन एकटीच बोलू लागते. कळतं की लॉटरी वगैरे काहीही लागलेलं नाही. ती लिहीत बसली होती आणि लिहिताना तिनं आयुष्यात जे नकोसं झालं ते बदलून टाकलं होतं. तिचा नवरा डॅन, त्याला आधीच्या पर्वात लेकीच्या लग्नात हृदयविकाराचा झटका आला होता, त्यातून तो वाचल्याचं आपण पाहिलं होतं. तो वाचलाच नव्हता. शेवटी ती येऊन त्या सोफ्यावर एकटी बसते. नऊ पर्वं ज्या सोफ्यावर कधी जागा मिळाली नाही, त्यावर एकटी. ताईनं चष्मा काढून ठेवला आणि बराच वेळ घातला नाही. वाह्यात वाटलेलं अख्खं पर्व त्या एका खुलाशानं वेगळंच दिसू लागलं. असा शेवट करायला छाती लागते.

मग २०१८चा मार्च, मालिका परतली. पहिल्याच दृश्यात डॅन तोंडाला घोरण्यावरचं यंत्र लावून झोपलेला, रोझॅन त्याला हलवून उठवते आणि ‘मला वाटलं तू मेलास’ अशा अर्थाचा विनोद होतो. हशा. झालं. त्या शेवटाचा हिशेब एका विनोदात मिटला. ताईनं एवढंच विचारलं, “मग आपण रडलो ते काय?”

याचं उत्तर आपल्या लेखकांकडे असेल तर जरूर छापावं. माझ्याकडचं उत्तर असं, की नवी विनोदी मालिका आणायची तर तिचं नाव लोकांच्या तोंडी बसवण्यापासून सगळा खर्च आला आणि ती पहिल्याच पर्वात झोपण्याचा धोका वेगळा. जुनं नाव आयतं मिळतं. १ कोटी ८० लाखांहून जास्त लोकांनी तो पहिला भाग पाहिला, म्हणजे एबीसीचा हिशेब चुकला नाही. फक्त त्यात डॅनचं मरण आडवं येत होतं, म्हणून ते खोडलं.

आणि नियतीचा न्याय बघा. २९ मेला, रोझॅनची भूमिका करणाऱ्या रोझॅन बार यांच्या वर्णद्वेषी ट्वीटमुळे तीच मालिका एका दिवसात बंद. पण एवढा प्रेक्षक सोडवतो कुणाला? बाईंनी आपला आर्थिक वाटा सोडला आणि ऑक्टोबरमध्ये उरलेलं घर ‘द कॉनर्स’ नावानं परत उभं राहिलं, रोझॅनला वेदनाशामक गोळ्यांच्या अतिसेवनानं मारून. म्हणजे मूळ कथेत मेलेला नवरा जिवंत आणि जिवंत बायको मेलेली! लेखकांना हे कुटुंब परत मिळाल्यासारखं वाटतं, तर वाटो बापडं.

‘विल अँड ग्रेस’ या मालिकेचंही तेच. २००६मधल्या शेवटच्या भागात विल आणि ग्रेस या जिवलग मित्र-मैत्रिणीत वर्षानुवर्षांचा दुरावा येतो, त्यांची मुलं कॉलेजात भेटतात आणि लग्न करतात. ११ वर्षांनी परत आले तेव्हा सगळं म्हणे त्यांच्या मैत्रिणीच्या, कॅरनच्या डोक्यातलं! मुलंच झाली नव्हती.

प्रेक्षकांमुळे काहीच परत येत नाही असं मी म्हणत नाही. ‘फॅमिली गाय’ ही कार्टून मालिका फॉक्सनं २००२मध्ये काढून टाकली होती. डीव्हीडी धडाधड खपल्या, केबलवर रात्री उशिरा लागणारे जुने भाग लोकांनी उचलून धरले आणि २००५मध्ये ती परतली. पण तिथे लोकांनी खिशातून पैसे काढले होते. ‘कम्युनिटी’च्या चाहत्यांनी ‘सहा पर्वं आणि एक चित्रपट’ ही घोषणा वर्षानुवर्षं दिली. सहावं पर्व मिळालं ते याहूला आपल्या नव्या व्हिडिओ सेवेसाठी नाव हवं होतं म्हणून. मग याहूनं ती आणि आणखी दोन मालिका मिळून ४ कोटी २० लाख डॉलर बुडीत खाती टाकले आणि ती सेवाही बंद केली. चाहते तेवढेच होते, त्यांचं प्रेमही तेवढंच होतं.

जाता जाता. शनिवारचं आपलं विनोदी सदर मध्यंतरी एकाएकी गायब झालं. दोन ओळींची सूचनासुद्धा नाही. मी पत्र लिहिलं, त्याची पोच नाही. आता ते ‘वाचकांच्या आग्रहाखातर’ परत सुरू झाल्याची चौकट छापली आहे, पण लेखक दुसरा, लांबी निम्मी आणि उरलेल्या निम्म्या जागेत गाद्यांची जाहिरात. हा आग्रह नेमका कोणत्या वाचकानं केला? माझा आग्रह जुन्या लेखकासाठी होता. ते गृहस्थ का गेले, एवढं कळवलंत तरी चालेल.

पत्र छापायचं असेल तर ‘रोझॅन’चा परिच्छेद कापू नये. जागा कमी पडली तर ‘विल अँड ग्रेस’ उडवा.

आपली,
एक जुनी वर्गणीदार