चि. मनूस: तिकिटं भिजेपर्यंत आडवी हो

मिरज,
रविवार दुपार

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, "बाबा, नुसती पडून आहे, वेळ फुकट चाललाय. एखादा ऑनलाइन कोर्स लावू का?" आजीच्या गोळीची वेळ झाली होती, म्हणून मी "बघू" म्हणून फोन ठेवला. फोनवर मला धड बोलता येत नाही हे तुला ठाऊकच आहे, म्हणून लिहितो. उत्तर असं, की लावू नकोस.

रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा आकडा, नऊवरून तीनवर आलं, डोळ्यांचा पिवळेपणा उतरला, तेव्हा आपण बऱ्या झालो असं तुला वाटायला लागलं. काविळीत रिपोर्ट आधी सुधारतो, माणूस मागून. हिपॅटायटिस ए वर त्या विषाणूला मारणारं असं औषध नसतंच. यकृत आपलं आपण सावरतं, आणि त्याला किती वेळ लागणार हे ते तुझा रजेचा अर्ज बघून ठरवत नाही. आंघोळ करून आलीस की दम लागतो, दुपारी चार पानं वाचली की डोळे मिटतात, हे सगळं आईने मला सांगितलंय. अशा अंगाने परीक्षा असलेला कोर्स लावायचा म्हणजे आजाराच्या जोडीला एक हेडमास्तर घरात आणून बसवायचा.

इथे मिरजेत तुझ्या काविळीवर बोलणाऱ्यांची वाण नाही. गावात गल्लीगणिक दवाखाना असला की घरागणिक डॉक्टर तयार होतात. आत्या रोज सांगते, मुलीला उसाचा रस पाजा. आता या मार्चच्या उन्हात रस्त्यावरच्या गाड्यावरचा रस म्हणजे त्यात बर्फ आला. ज्या खराब पाण्यातून हा विषाणू पोटात जातो त्याच पाण्याचा तो बर्फ निघाला तर? शेजारच्यांनी तर नाकात कडू दोडक्याचा रस सोडणाऱ्या एका माणसाचा पत्ता कागदावर लिहून आणून दिला. त्या कागदावर मी सध्या चहाचा कप ठेवतो. तू डॉक्टरांनी सांगितलंय तेच खा, आणि अंग कसकसलं तरी स्वतःच्या मनाने क्रोसिन घेऊ नकोस. एवढं आरोग्याचं झालं.

तुझ्या काकाने परवा घरच्या ग्रुपवर फ्रेंच चित्रकार मातीसची गोष्ट टाकली, ती तूही वाचली असशील. विशीतला पोरगा, वकिलाच्या कचेरीत कारकून. १८८९-९० च्या सुमारास अपेंडिक्सच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला, आईने वेळ जावा म्हणून रंगपेटी आणून दिली आणि त्यातून एवढा मोठा चित्रकार उभा राहिला. गोष्ट खरी आहे. पण काकाने खाली लिहिलं, "मनू, संधीचं सोनं कर!" ते मला पटलं नाही. त्या माउलीने रंगपेटी आणली ती पोराचा दिवस सरावा म्हणून. पुढे काय होणार याचा हिशेब तिच्या डोक्यात नव्हता. त्याच वर्षी फ्रान्सात आजारी पडलेल्या आणखी कितीतरी पोरांना त्यांच्या आयांनी रंगपेट्या दिल्या असतील. ती पोरं चार वाईट चित्रं काढून बरी झाली आणि कामावर गेली. त्यांचंही काही चुकलं नाही.

आजारपणातल्या छंदाला माझी एकच अट आहे. अर्ध्यावर टाकला तरी तो रुसता कामा नये. कोर्स रुसतो. बुद्धिबळही रुसतं, आणि हरलीस की तू रुसतेस. मोबाइलवरच्या मालिका रुसत नाहीत, पण त्या सोडतही नाहीत. एक भाग संपायच्या आत दुसरा दाराशी उभा. रात्री दीड वाजता तुझ्या खोलीत उजेड दिसतो, अशी बातमी आहे माझ्याकडे. बातमीदार कोण ते विचारू नकोस, ती तुझ्याच घरात राहून भाकरी करतेय.

म्हणून मी काल स्पीड पोस्टाने एक पार्सल टाकलंय. (रजिस्टर करणार होतो, सवयीने. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, हे खिडकीवरच्या मुलीने मला समजावून सांगितलं. मला! हसलो आणि पैसे दिले.) पार्सलमध्ये तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे, जो लहानपणी तुला उघडू देत नव्हतो. त्यात कागदासकट कापून ठेवलेली टपालाची तिकिटं आहेत. बँकेच्या रद्दीतली, शेजाऱ्यांच्या पाकिटांवरची, तुझ्या आजोबांच्या ट्रंकेतली. चालू टपालातून घेतलेलं एकही नाही, आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेत, नोकरी केलेल्या माणसाने हे आधी सांगितलेलं बरं. सोबत चिमटा, भिंग आणि तिकिटं लावून ठेवायची एक कोरी वही, स्टॉकबुक.

आता कृती. एक पसरट ताटली घे, स्वयंपाकातली नको, आई ओरडेल. त्यात कोमट पाणी. कढत नको, रंग उतरतात. दहा-बारा तिकिटं चित्राची बाजू वर करून सोड. लाल किंवा गडद रंगाच्या पाकिटाचा तुकडा असेल तर तो वेगळ्या वाटीत, नाहीतर सगळ्या तिकिटांची रंगपंचमी होते. मग पंधरा-वीस मिनिटं काही करायचं नाही. तिकीट भिजेपर्यंत आडवी हो. गोंद सुटला की तिकीट आपोआप कागदावरून सरकतं. ओढावं लागलं तर समज अजून वेळ आहे. सरकलं की मागचा उरलेला गोंद बोटाने पाण्यातच हलकेच पुसायचा आणि तिकीट चित्र खाली करून कोऱ्या कागदावर ठेवायचं. वर्तमानपत्रावर नको, शाई लागते. थोडं सुकलं की दोन कागदांत घालून जाड पुस्तकाखाली ठेव. दुसऱ्या दिवशी सपाट झालेलं मिळेल. अमेरिकेची हल्लीची तिकिटं पाण्याला दाद देत नाहीत, ती कागदासकट नीट कापून तशीच ठेवायची. तिकिटं वहीत चिकटवायचे कागदी तुकडे, हिंज, मी मुद्दाम पाठवले नाहीत, ते जिभेने ओले करायची लोकांना खोड असते.

हा छंद मी तुझ्यासाठी निवडला तो या पंधरा-वीस मिनिटांसाठी. विश्रांती यात आधीच घालून दिलेली आहे. डॉक्टर सांगतात म्हणून पडून राहायचं तर माणूस चिडतो. तिकीट भिजतंय म्हणून पडायचं असेल तर कोणी चिडत नाही. आणि दुसऱ्या खेपेला उठवलं नाही, तर उरलेला डबा झाकण लावून ठेवून दे. तिकिटांना घाई नसते.

तिकिटं कागदावरून सुटली की लावायची कशी? देशवार, विषयवार लावणारे आहेत. मी सांगेन, आधी पैशावर लाव. त्याला डोकं लागत नाही, नुसती नजर पुरते. आण्यांची एक रास, "न. पै." किंवा "नये पैसे" लिहिलेल्यांची दुसरी, नुसत्या पैशांची तिसरी. तुला आणे माहीत नाहीत म्हणून सांगतो: रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली, रुपयाचे १०० नये पैसे झाले. भारताचा नकाशा असलेली छोटी तिकिटं त्या वेळची. १९६४ साली पैसा "नया" राहिला नाही, तेव्हा तो शब्द गेला. म्हणजे तारीख छापलेली नसली तरी किंमत बघून तिकिटाचं वय कळतं. गाडीच्या डब्यात रात्रभर सॉर्टिंग करताना माझं असंच व्हायचं, हात कप्प्यांत पत्रं टाकत राहायचे आणि डोकं भलतीकडे हिंडून यायचं. तुझ्या डोक्यालाही जरा हिंडू दे.

काही काही तिकिटांवर मात्र थांब. १९४९ च्या मालिकेतली दोन-चार आहेत, अजिंठ्याचा हत्ती आणि घारापुरीची त्रिमूर्ती त्यांतच. भिंगातून बघ, एवढ्याशा जागेत केवढं काम केलंय. छपाई आपल्या नाशिक रोडची. १९२५ साली तिथे प्रेस सुरू झाला, त्याआधी आपली तिकिटं लंडनहून छापून यायची. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट, २१ नोव्हेंबर १९४७ चं, तिरंगा आणि "जय हिंद", साडेतीन आण्यांचं, तेही आहे. कडेचा एक दात तुटलेला आहे म्हणून त्याला बाजारात भाव नाही, घरात आहे.

आणि महर्षी कर्व्यांचं शोध. १८ एप्रिल १९५८ ला अण्णा शंभर वर्षांचे झाले, त्या दिवशी टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं. अण्णा हयात होते. जिवंत माणसाचं तिकीट काढायची आपल्याकडे रीत नाही, ती त्यांच्यासाठी मोडली. दोन वर्षांनी विश्वेश्वरय्यांच्या शंभरीलाही मोडली. ज्या पुण्यात तू सध्या पडून आहेस त्याच पुण्याशेजारच्या हिंगण्यात या माणसाने बायकांसाठी आश्रम उभारला आणि पैसे गोळा करायला मैलोन् मैल पायपीट केली. शंभरी गाठलेल्या माणसाचा चेहरा किती शांत असतो तो बघ.

निळ्या पाकिटात वेगळं ठेवलेलं एक आहे, ते पाण्यात टाकू नकोस. २००६ सालचं चंदनाचं तिकीट, त्याला चंदनाचा वास लावलेला होता. आता वास उरलाय की नाही यावर आजीचं आणि माझं एकमत नाही. तू हुंगून निकाल दे. काविळीत तुझ्या नाकाला फोडणीचासुद्धा त्रास होत होता, म्हणजे सध्या घरात सर्वांत तिखट नाक तुझंच.

सिंध डाक मात्र शोधू नकोस. १८५२ चं ते, आशियातलं पहिलं तिकीट. सिंधचा कमिशनर बार्टल फ्रिअर याने काढलेलं, जो पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. ते या डब्यात असतं तर तुझं शिक्षणाचं कर्ज मी कधीच फेडून टाकलं असतं.

सगळा दिवस तिकिटांत जाणार नाही, जाऊही नये. सकाळी ऊन चढायच्या आत गॅलरीत खुर्ची टाकून बस. समोरच्या झाडावर टुक् टुक् टुक् असा एकसारखा आवाज येतो असं तू मागे म्हणाली होतीस, "कोणीतरी पाइप ठोकतंय" म्हणून. तो तांबट आहे. चिमणीहून किंचित मोठा, हिरवा, कपाळावर लाल टिळा, आणि पानांत असा मिसळतो की आवाज ऐकूनही सापडत नाही. वाळलेल्या फांदीला गोल भोक दिसलं तर तिथे नजर ठेव, तो तिथे घर कोरतो. रस्त्याच्या कोपऱ्यावर काटेसावर फुललेली असेल तर तिच्यावर साळुंक्यांबरोबर गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या भोरड्या दिसतील. त्या पाहुण्या आहेत, उन्हाळा तापला की परततात. दुर्बीण नको, हात दुखतील. नावं ओळखायचं अॅपही आठवडाभर राहू दे. दिसलं ते वहीत लिही, चुकीचं लिहिलंस तरी तांबट तक्रार करत नाही.

दुपारी डोळे मिटून ऐकायचं. रेडिओ लाव, आकाशवाणी, विविध भारती, जे लागेल ते. आपण निवडायचं नाही, हीच त्यातली सोय आहे. यादी चाळत बसण्यात तुझी निम्मी शक्ती जाते, आणि शेवटी तू काहीच लावत नाहीस. झोप लागली तर लागू दे, निवेदिका रागावत नाही.

आई क्रोशाची सुई घेऊन आलीय, हे मला माहीत आहे. ती तुला रुमाल शिकवायला बघेल. शिक, पण टाके मोजायला लागलीस की थकशील. मोजायचं काम तिच्याकडे दे. तिलाही तिथे चार भिंतींत करमत नाही, फक्त ती बोलणार नाही. डब्यातली सुटी तिकिटं वाळत घालायला तिला बसव. इतकी वर्षं त्या डब्याला "तुझ्या बाबांची सवत" म्हणत आलीय, आता ओळख होऊ दे.

आणि कंटाळा आला तर येऊ दे थोडा. दिवसाचा प्रत्येक तास भरलाच पाहिजे असं कुणी सांगितलंय? आमच्या लहानपणी टायफॉइड झालेलं पोर छताच्या वाशांकडे बघत पडलेलं असायचं, आणि त्याला कोणी "काय करतोस" विचारायचं नाही. मी ते वाशे इतक्या वेळा मोजले की आजही कुठल्या वाशाला गाठ होती ते सांगेन. त्याचा पुढे काही उपयोग झाला नाही. वेळ गेला.

ऑफिसच्या साहेबांचा फोन आला तर रजा वाढवून माग. "घरून थोडं थोडं करते" असं म्हणू नकोस. थोडं थोडं असं काही नसतं, मी नोकरी केलीय. डॉक्टर कामाला जा म्हणतील त्या दिवशी जा.

बुधवारी रक्त तपासायला द्यायचं आहे ना? रिपोर्ट आला की आकडा तू स्वतः मला सांग. आईकडून निरोप नको, ती आकडा कमी करून सांगते.

तुझा,
बाबा

ता. क. कर्व्यांची दोन निघतील. चांगलं तू ठेव, शिक्का जास्त बसलेलं मला परत पाठव. पाकिटाला तिकीट लाव म्हणजे झालं, छापील स्टिकर नको.