स्टेटसला काय ठेवावं, बायोडाट्यात काय लिहावं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आखाजी (अक्षय्य तृतीया) आली की लेकी माहेरी येतात आणि सुट्टीत घरंच्या घरं गडावर, नाहीतर सुरतेला निघतात. गाडी पारोळ्याच्या पुढे जात नाही तोच स्टेटस चढतं : ‘निघालो सहपरिवार, तीन दिवस!’ घराला तीन दिवस कुलूप राहणार, हे आपणच सांगून टाकतो.

स्टेटस आपल्याच माणसांना दिसतं, असा समज आहे. व्हॉट्सॲपच्या मूळ सेटिंगमध्ये ते प्रत्येकाला दिसतं, ज्याचा नंबर आपल्याकडे आणि आपला त्याच्याकडे सेव्ह आहे. जुना भाडेकरू, केळीचा व्यापारी, कधीकाळी प्लॉट दाखवलेला एजंट, सगळे त्यात आले. हे लोक वाईट नसतात. पण त्यांचा फोन आणखी कोण बघतं, ते आपल्याला ठाऊक नसतं. टाकताना मात्र डोळ्यांपुढे दहा-बारा जिवलगच असतात. गफलत इथेच होते.

सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, तिथे स्टेटस उघडून ‘ओन्ली शेअर विथ’ निवडावं आणि घरचे नंबर तेवढे ठेवावेत. हा बदल आधी टाकलेल्या स्टेटसला लागू होत नाही. ते डिलीटच करावं लागतं. चोवीस तासांत ते आपोआप जातं खरं, पण मधल्या वेळात कुणी स्क्रीनशॉट काढला तर आपल्याला कळतही नाही. सहलीचे फोटो घरी परतल्यावर टाकावेत.

यासाठी कुणाला उथळ म्हणणं चुकीचं आहे. हार्वर्डमधल्या डायना तामीर आणि जेसन मिचेल यांनी २०१२ साली दाखवलं, की स्वतःबद्दल सांगताना मेंदूतले सुख देणारे भाग जागे होतात आणि त्या संधीसाठी लोक थोडे पैसेही सोडायला तयार होतात. किती जणांनी पाहिलं तो आकडा ही ओढ आणखी वाढवतो.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती लग्नाच्या बायोडाट्याची. समाजाच्या ग्रुपवर मुलीचा फोटो, पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, पगार, मामाकुळ, घरचा पत्ता, सगळं एकाच पानावर फिरतं आणि लग्न होऊन गेलं तरी फिरतच राहतं. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. कित्येक बँकांच्या स्टेटमेंटचे पासवर्डही नाव आणि जन्मतारखेवरूनच बनतात. अशी फाइल कुणाच्या हाती पडली तर तिची किल्ली बायोडाट्यातच असते.

ग्रुपवर टाकायच्या पानावर नाव, वय, शिक्षण, गाव आणि वडिलांचा किंवा काकांचा एक नंबर पुरे. मुलीचा नंबर नको. जन्मतारीख-वेळ पत्रिका बघायची ठरल्यावर त्या घरालाच कळवावी. कुणी आधार मागितलं तर मास्क्ड आधार द्यावं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. यातूनही खात्यातून पैसे गेलेच, तर नातेवाइकांना विचारत बसू नये, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावावा.

– एक संगणक शिक्षक, अमळनेर (जि. जळगाव)