लाल बटण नेमकं कशाचं?

महोदय,

माझी आई ७३ वर्षांची. विम्याचा हप्ता ती स्वतःच मोबाइलवर भरते. त्यासाठी शंभरपानी वहीत तिने सगळं क्रमाने लिहून ठेवलंय. शेवटची ओळ अशी : 'खालचं लाल बटण दाबायचं.' मागच्या महिन्यात फोन बिघडला, म्हणून तिने शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर त्याच कंपनीची वेबसाइट उघडली आणि वहीबरहुकूम लाल बटण दाबलं. तिथे लाल म्हणजे 'रद्द करा'! हप्ता भरलाच गेला नाही, वर विलंब शुल्क पडलं. 'आता मला जमत नाही गं,' म्हणाली आणि दोन दिवस गप्प होती.

मी पुण्यात अकरा वर्षं ॲपच्या स्क्रीन डिझाइन करते. चूक आईची नव्हती, हे मी ठामपणे सांगते. ॲप एका एजन्सीकडे, वेबसाइट दुसरीकडे, शाखेतलं मशीन तिसरीकडे. ज्याने त्याने आपापली बटणं केली. जन्मतारखेसाठी ॲपमध्ये कॅलेंडर, तेही चालू वर्षावर उघडतं. १९५२ गाठेपर्यंत बोट दुखून येतं.

यासाठीच डिझाइन सिस्टीम असते. बटणं, रंग, फॉर्मच्या चौकटी, सूचनांचे शब्द एकदाच नीट ठरवायचे, लोकांकडून वापरून तपासायचे आणि तयार कोडसकट एका जागी ठेवायचे. कंपनीचं कोणतंही काम करणाऱ्याने तिथूनच उचलायचं. ब्रिटिश सरकारची अशी सिस्टीम २०१८ पासून खुली आहे. त्यात जन्मतारखेला दिवस, महिना, वर्ष अशा तीन साध्या चौकटी असतात, आकडे टाइप केले की झालं. आपल्या केंद्र सरकारनेही फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारी संकेतस्थळांसाठी सामाईक नियमावली आणली आहे.

मात्र मराठीचा विचार त्यात पहिल्या दिवसापासून हवा. इंग्रजी 'पे'च्या मापाच्या बटणात 'हप्ता भरा' मावत नाही, 'रा' कापला जातो. पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठी वळणाची अक्षरं राज्य सरकारने २००९ मध्येच प्रमाण ठरवली, तरी स्क्रीनवर बहुतेक वेळा हिंदी वळणाचीच अक्षरं दिसतात.

विमा कंपन्यांनी आणि बँकांनी पुढचं कंत्राट देताना एवढी अट घालावी : बटणं आमच्या सिस्टीममधलीच वापरायची. आणि बटणाचा रंग बदलणार असाल, तर ग्राहकाला महिनाभर आधी मराठीत कळवा. आईसारख्यांना वहीतली ओळ बदलायला तेवढा वेळ लागतो.

– एक वाचक, कोथरूड, पुणे