आले, सुटले

चि. रेवा,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू आलीस, आईनं पाटोडी-रस्सा वाढला आणि दुसऱ्या घासालाच तुझी मान कलली. डावा हात मांडीवर उघडा पडला होता. तळव्यावर निळ्या पेननं लिहिलेलं: '१२ – पोटॅशियम, १७ – रक्त आणणे'.

आता एक कबुली. वर्षभर मी अजनीच्या कॉलनीत सांगत फिरलो, 'आमची डॉक्टर पोरगी छत्तीस-छत्तीस तास ड्युटी करते बाप्पा!' मेडल मिळाल्यासारखं. त्या दिवशी लाज वाटली.

मी जन्मभर रेल्वेचं इंजिन चालवलं. आठ तास किंवा वर ड्युटी झाली की हेडक्वार्टरला, म्हणजे आपल्या मूळ स्टेशनावर, सोळा तास रेस्ट, हा नियम. लॉबीत साइन ऑन करताना, म्हणजे ड्युटीवर चढताना, दारू तपासायच्या मशीनमध्ये फुंकायचं, विश्रांती झाली का तेही सांगायचं. झोप झाली नाही म्हणणाऱ्याला आम्ही भित्रा म्हणत नव्हतो, कारण मागच्या डब्यांत हजारभर माणसं बिनघोर झोपलेली असत. आणि तुला सिनियर म्हणतात, 'आम्हीही हेच काढलं.' हे काय उत्तर झालं?

तुमचेही नियम मी शोधून वाचले. केंद्राच्या १९९२ च्या परिपत्रकात रेसिडेंटला, म्हणजे तुझ्यासारख्या शिकत शिकत राबणाऱ्या डॉक्टरला, साधारणपणे सलग १२ तास, आठवड्याला ४८. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या नियमांत नुसतेच 'वाजवी' तास. वाजवी कोणाच्या हिशेबानं? २०२४ मध्ये आयोगाच्याच कृतिगटानं आठवड्याला ७४ तासांची मर्यादा आणि आठवड्याची एक सुट्टी सुचवली. तू म्हणालीस, चौऱ्याहत्तर तर गुरुवारीच होतात. आणि हसलीस.

पेशंट अर्ध्यावर टाकून साइन ऑफ करता येत नाही, हे मलाही कळतं. पण मग पुढच्याला नीट चार्ज द्यायला वेळ आणि माणूस हवा. आम्ही इंजिनातली बारीकसारीक खोटसुद्धा सांगून मगच उतरायचो. तुझा बारा नंबरच्या खाटेचा पोटॅशियम तळहातावर राहतो, आणि हात तर तुम्ही दिवसातून पन्नासदा धुता.

डब्यासोबत एक लाल वही पाठवतोय. दोनच रकाने आखलेत: आले, सुटले. रोज वेळ टाक. मार्डवाल्यांना, तुमच्या रेसिडेंट डॉक्टरांच्या संघटनेला, उपयोगी पडेल, नाही पडली तर तुझ्याजवळ राहील.

आणि इमर्जन्सी ड्युटीच्या दुसऱ्या दिवशी स्कूटी काढायची नाही. फोन कर, मी येतो. गेटसमोरच्या टपरीवर बसेन. किती वाजता सुटशील, ते विचारणार नाही.

तुझा,
बाबा