दहा वर्षं भरतच नाहीत

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

ईपीएस-९५ च्या, म्हणजे पीएफबरोबर मिळणाऱ्या, पेन्शनचा विषय निघाला की सगळी चर्चा हजार रुपयांपाशी येऊन अडते. सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन हजारच आहे, ती साडेसात हजार करा अशी पेन्शनरांची मागणी आहे, आणि ती रास्तच आहे. माझी स्वतःची पेन्शन दोन हजार आठशेच्या आसपास. २०१९ ला निवृत्त झालो तेव्हा होती तेवढीच आजही, कारण या पेन्शनला महागाई भत्ता नाही. गॅसची टाकी, दूध आणि बीपीच्या गोळ्या एवढ्यातच ती उरकते. पण मला आज लिहायचंय ते ज्यांच्या हातात हे हजारसुद्धा पडायचे नाहीत त्यांच्याविषयी.

भोसरी एमआयडीसीतल्या एका मध्यम कंपनीत मी एकवीस वर्षं टाइम ऑफिसला होतो. मस्टर, पगारपत्रक, कंत्राटदारांची बिलं आणि पीएफचे फॉर्म हे माझं काम. पेन्शनचा पैसा कुठून येतो हे कित्येक कामगारांना शेवटपर्यंत कळत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. आपल्या पगारातून कापलेले १२ टक्के सगळेच्या सगळे पीएफला जातात. मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शनकडे वळतात, तेही पगार जास्तीत जास्त १५ हजार धरून, म्हणजे महिना १,२५० रुपये. वरून सरकार १.१६ टक्के घालतं. हिशेब असा: शेवटच्या साठ महिन्यांचा सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. पेन्शन अठ्ठावन्नाव्या वर्षी सुरू होते, पण त्याआधी दहा वर्षं भरलेली हवीत. सगळी मेख या दहा वर्षांत आहे.

आमच्या पट्ट्यात कंत्राटी पोराला सात महिने झाले की 'ब्रेक' देतात, म्हणजे काही काळ कामावरून काढतात. वर्षात २४० दिवस भरून त्याला कायम नोकरीचा हक्क सांगता येऊ नये म्हणून देतात, हे गेटवरच्या वॉचमनलाही ठाऊक असतं. ब्रेक मिळालेला पोरगा दोन महिन्यांनी माझ्या टेबलासमोर उभा राहायचा. "साहेब, पीएफ काढायचाय." पीएफला फॉर्म १९, पेन्शनला १०-सी. या १०-सी वर दोन पर्याय असतात. एक तर पैसे काढून घ्या, नाहीतर स्कीम सर्टिफिकेट घ्या. सर्टिफिकेट घेतलं की झालेली वर्षं जमेला राहतात, पुढच्या नोकरीत जोडली जातात. एकवीस वर्षांत सर्टिफिकेट मागणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजावीत एवढीच भेटली. मीही कुणाला समजावत बसलो नाही. मागे रांग असायची, शिफ्ट सुटायची वेळ असायची. पैसे काढण्याच्या चौकटीत टिक करायला कितीसा वेळ लागतो? ती टिक मी शेकडो वेळा केलेली आहे.

आमच्या दिघीतल्या गल्लीत एक वेल्डर राहतो. मूळचा लातूरकडचा, वय ४६, २००६ पासून पुण्यात, आधी भोसरीला आणि आता चाकणला. दिवाळीनंतर एका रविवारी पासबुक दाखवायला मोबाईल घेऊन आला. "काका, माझी पेन्शन किती बसेल तेवढं बघा." एकोणीस वर्षांत सहा कंत्राटदार. यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी न बदलणारा पीएफचा नंबर, २०१४ मध्ये आला. त्याआधीचे एमएच-पीयूएनने सुरू होणारे खात्यांचे नंबर त्याने एका जुन्या डायरीत लिहून ठेवलेले. पेन्शनचे पैसे तीनदा काढलेले: एकदा बहिणीच्या लग्नाला, एकदा खोलीवर स्लॅब टाकायला, एकदा लॉकडाऊनमध्ये. शिल्लक राहिली चार वर्षं. म्हणजे पेन्शनच्या उंबऱ्याला पोचायला अजून सहा हवीत.

लग्नाच्या वेळी त्याने जी पाच वर्षं काढली त्याचे साधारण ३२ हजार मिळाले होते. त्या वेळी मर्यादा ६,५०० रुपये पगाराची होती. तीच पाच वर्षं राहू दिली असती तर म्हातारपणी महिना ४६४ रुपये आले असते, आणि त्याच्या मागे बायकोला त्यातले निम्मे. ४६४ म्हणजे काहीच नाही, असं आपल्याला वाटतं. पण त्याची सगळी वर्षं टिकली असती तर अडीच-तीन हजारांची पेन्शन आजच पक्की झाली असती. मी कागदावर आकडेमोड करत होतो तोवर तो गप्प होता. मग एवढंच म्हणाला, "तवा कुणी सांगितलं नाही ना, काका." तो आमच्या कंपनीतला नव्हता, पण त्याचा १०-सी माझ्यासारख्याच कुणीतरी भरला असणार.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या केंद्राच्या संस्थेच्या, विश्वस्त मंडळाने ठरवलं की नोकरी सुटल्यावर पेन्शनची रक्कम दोन महिन्यांनी नव्हे, छत्तीस महिन्यांनी काढता येईल. पुष्कळ लोक चिडले. मला वाटतं निर्णय योग्य आहे, पण अर्धाच. वर्षं वाचतील हे खरं, पण ब्रेकच्या काळात त्या माणसाने खायचं काय? ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विमा योजनेत, बेकारीच्या काळात नव्वद दिवसांपर्यंत निम्मी मजुरी देणारी योजना आहे, २०१८ ला सुरू झालेली. मी निवृत्तीनंतर ज्यांना ज्यांना विचारलं त्यांतल्या एकालाही ती माहीत नव्हती. कंत्राटदार तर सांगणार नाहीच.

नव्या योजनांचंही तेच. १ ऑगस्ट २०२५ पासून केंद्राची विकसित भारत रोजगार योजना आली. पहिल्यांदा पीएफमध्ये येणाऱ्या कामगाराला पंधरा हजारांपर्यंत, पहिला हप्ता सहा महिन्यांनी, दुसरा बारा महिन्यांनी. मालकाला वेगळे, दर नव्या माणसामागे महिना तीन हजारांपर्यंत. कागदावर छान आहे. पण ज्याला सातव्या महिन्यात ब्रेक मिळतो त्याने बारावा महिना गाठायचा कसा? राज्याच्या युवा कार्यप्रशिक्षण योजनेत सहा ते दहा हजार विद्यावेतन मिळतं, पण तिथे पीएफच नाही, म्हणजे वर्षं मोजायचा प्रश्नच मिटला. योजना आखणाऱ्यांच्या डोळ्यासमोर एका गेटमधून आत जाऊन त्याच गेटमधून निवृत्त होणारा कामगार असतो. तो कामगार माझ्या पिढीबरोबर संपत आला.

आणि यावरचा उपाय आपल्या पुण्यात, गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, चालू आहे. हमालाला तरी कुठे एक मालक असतो? सकाळी या गाळ्यावर गूळ उतरवायचा, दुपारी त्या गाळ्यावर साखर. बाबा आढाव आणि हमाल पंचायतीसारख्यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला आणि त्याने साधी युक्ती केली. हमालाची नोंद व्यापाऱ्याकडे नाही, माथाडी मंडळाकडे. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक जादा रक्कम, मंडळात भरतो; पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस मंडळ बघतं. व्यापारी बदलला म्हणून हमालाचं खातं तुटत नाही. माथाडीच्या नावाखाली चाकण-रांजणगावात खंडण्या उकळल्या गेल्या, हे मला कुणी सांगायला नको, मी त्या पट्ट्यात वावरलोय. त्या गुंडांना जरूर आत टाका. मूळ युक्तीचा त्यात काय दोष?

कंत्राटी कामगारांसाठी जिल्हापातळीवर असं एक मंडळ का असू नये? कंत्राटदार येतील-जातील, हजेरी, पीएफ आणि पेन्शनची वर्षं मंडळाच्या वहीत राहतील. तेवढं जमेपर्यंत निदान मूळ कंपनीला तरी धरा. कंत्राटी माणसाच्या पीएफची अंतिम जबाबदारी कायद्याने तिचीच आहे. प्रत्यक्षात आम्ही काय करायचो? बिलाला पीएफ भरल्याच्या चलनाची झेरॉक्स जोडलेली आहे ना, एवढं बघायचं आणि बिल पुढे ढकलायचं. चलनातल्या यादीतली नावं मस्टरशी ताडून बघितली, असं वर्षाकाठी एखाद्या वेळी व्हायचं, तेही ऑडिट तोंडावर आलं की.

नावांचा घोळ हा तर वेगळाच पुराण आहे. आमच्या वेल्डरचं आडनाव एका खात्यात आधी, दुसऱ्यात शेवटी, तिसऱ्यात वडिलांचं नावच गायब. जन्मतारीख एका ठिकाणी शाळेत गुरुजींनी लावलेली १ जून, आधारवर वेगळी. लग्न होऊन नाव बदललेल्या बायकांचे हाल तर विचारू नका. दुरुस्तीला जॉईंट डिक्लरेशन, म्हणजे कामगार आणि मालक दोघांचा मिळून फॉर्म, लागतं, आणि जुन्या खात्याच्या दुरुस्तीवर त्या वेळच्या मालकाची सही. त्याचा २०१२ चा कंत्राटदार आता कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही. ऑफिसच्या जागी मोबाईलचं दुकान आहे, आम्ही दोघं जाऊन बघून आलो.

तो फॉर्म माझ्या कपाटात आहे. बाकी सगळं भरून झालंय, मालकाच्या सहीची चौकट तेवढी कोरी आहे. ती कुणी भरायची, याचं उत्तर भविष्य निधी कार्यालयातल्या कुणी आपल्या अंकातून दिलं तर गल्लीतल्या आणखी दोघातिघांना उपयोग होईल.

आपला,
एक निवृत्त टाइमकीपर
दिघी, पुणे