कथा आपली वाटते, म्हणून हक्क कोणता?

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

एखाद्या मालिकेचा शेवट मनासारखा झाला नाही, किंवा चित्रपटातील आवडत्या व्यक्तिरेखेची भूमिका अनपेक्षित कलाकाराकडे गेली, की ‘चाहते संतप्त’ अशा मथळ्याच्या बातम्या सगळीकडे झळकतात. ‘संतप्त’ या एका शब्दाखाली कथेवरील प्रेमातून आलेली नाराजी आणि कलाकारांना होणारी शिवीगाळ अशा दोन अगदी निराळ्या गोष्टी एकत्र येतात, आणि त्यांतील एक जितकी आदरास पात्र आहे तितकीच दुसरी निषेधास पात्र आहे, असे मला मनापासून वाटते. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

कथा आपली वाटणे ही भावना खोटी नाही. लेखक चार ओळींत पात्र उभे करतो, पण त्या पात्राचा आवाज, चालण्याची ढब, न बोललेले दुःख हे सारे वाचकच आपल्या मनातून पुरवत असतो. एखाद्या कथामालेची वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या, तिच्यातल्या माणसांच्या सोबतीने आपले कठीण दिवस काढणाऱ्या माणसाला ‘तू केवळ ग्राहक आहेस’ असे सुनावणे उद्धटपणाचे होईल. प्रश्न इतकाच आहे, की या आपलेपणातून नेमका कोणता हक्क मिळतो. माझ्या मते कथेत आपल्या परीने भर घालण्याचा, तिच्यावर कठोर टीका करण्याचा आणि न पटल्यास तिच्यापासून दूर होण्याचा हक्क मिळतो. ती दुसऱ्याने कशी सांगावी, कोणी साकारावी आणि कोणावर तिची मोहिनी पडावी, हे ठरवण्याचा हक्क मात्र त्यातून मिळत नाही.

हा फरक दाखवणारे अठराव्या शतकातील एक उदाहरण मला फार बोलके वाटते. इंग्रज कादंबरीकार सॅम्युअल रिचर्डसन यांची ‘क्लॅरिसा’ ही कादंबरी १७४७-४८ मध्ये टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होत होती. नायिकेचा शेवट दुःखद होणार हे कानावर येताच लेडी ब्रॅडशे या वाचक स्त्रीने टोपणनावाने रिचर्डसन यांना पत्रे लिहिली आणि नायिकेला वाचवण्याची कळकळीची विनंती केली. रिचर्डसन यांनी तिच्याशी दीर्घ पत्रव्यवहार केला, पण शेवट बदलला नाही. तिची बहीण लेडी एक्लिन हिलाही ती कादंबरी तशीच छळत राहिली. तिने मात्र लेखणी उचलली आणि स्वतःच कादंबरीचा निराळा शेवट लिहिला, जो पुढे १९८२ मध्ये छापून प्रसिद्ध झाला. एकाच घरातील दोघी, कादंबरी एकच आणि अस्वस्थताही एकच. एकीने लेखकाला विनवले, दुसरीने स्वतः लिहिले आणि दोघींपैकी कोणीही लेखकाचा हात धरला नाही. चाहत्याच्या हक्काची पूर्ण व्याप्ती मला या दोन बहिणींत दिसते.

लेखकाकडूनही तितक्याच उदारपणाची अपेक्षा ठेवावी लागते. आर्थर कॉनन डॉइल यांनी डिसेंबर १८९३ मधील कथेत शेरलॉक होम्सला मृत्यूच्या दरीत लोटले, तेव्हा एका वाचक स्त्रीने त्यांना थेट ‘तुम्ही क्रूर आहात’ अशा अर्थाचे पत्र पाठवले. १९०३ मध्ये डॉइल यांनी होम्सला परत आणले, पण तो निर्णय त्यांचा होता. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते त्यांचे विल्यम जिलेट या नटाला दिलेले उत्तर. होम्सवरील नाटकात त्याचे लग्न लावले तर चालेल का, असे जिलेट यांनी विचारले असता, लग्न लावा, खून करा, हवे ते करा, असे डॉइल यांनी कळवले. ज्याने पात्र निर्माण केले त्याने इतकी मोकळीक द्यावी, आणि त्याच्या पश्चात हक्क सांभाळणाऱ्यांनी २०२० मध्ये, होम्सची धाकटी बहीण कल्पून केलेल्या चित्रपटातला होम्स फार हळवा दाखवला आहे आणि तो हळवेपणा अजून आमच्या स्वामित्व हक्काखालील कथांतला आहे, अशा मुद्द्यावर न्यायालयात जावे, हे पाहून वाईट वाटते. (तो दावा त्याच वर्षी मिटला.)

भर घालण्याच्या हक्काला एक अट आहे, आणि ती चाहत्यांनी स्वतःहून पाळायला हवी: आपली भर आपल्या नावाने ओळखू यावी. स्पॅनिश लेखक सर्व्हान्तेस यांच्या ‘डॉन किहोते’ या कादंबरीचा दुसरा भाग म्हणून १६१४ मध्ये कोणा टोपणनावाच्या लेखकाने पुस्तक काढले, त्याच्या प्रस्तावनेत मूळ लेखकाचीच टवाळी केली, आणि सर्व्हान्तेस यांना पुढच्याच वर्षी आपला खरा दुसरा भाग प्रसिद्ध करून त्याचा समाचार घ्यावा लागला. आपल्याकडे एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. ग्रंथाचा प्रकार निराळा असला तरी चिंता याच जातीची होती: पुढच्यांनी घुसवलेल्या ओव्यांत मूळ शब्द हरवू नये. यापुढे जो तीत स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवली असे समजावे, असे त्यांनी बजावले. ज्ञानेश्वरीवर निरतिशय प्रेम करणाऱ्या या वाचकाने स्वतःचे लेखन मात्र स्वतःच्या नावाने विपुल केले, हेही लक्षात घ्यावे.

आजचे फॅन फिक्शन, म्हणजे आवडत्या कथेतील पात्रे घेऊन चाहत्यांनी रचलेल्या कथा, लिहिणारे ही अट बहुतांशी पाळतात. पात्रे कोणाची आणि कथा कोणाची, हे ते आरंभीच सांगतात आणि त्यातून पैसा मिळवत नाहीत. स्वयंसेवकांच्या बळावर २००९ पासून चालणाऱ्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या इंटरनेटवरील संग्रहात अशा एक कोटीहून अधिक रचना आहेत आणि २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथा व अद्भुतकथांच्या क्षेत्रातला मानाचा ह्यूगो पुरस्कारही मिळाला. यातले पुष्कळ लेखन कच्चे असेल. पहिल्यांदा लिहिणाऱ्याचे लेखन कच्चेच असते. परंतु अशा निर्व्याज लेखनावर कायद्याच्या नोटिसा धाडणाऱ्या कंपन्या जाहिरातीत ‘हे विश्व तुमचेच आहे’ असे सांगत असतात, तेव्हा आपलेपणाची भावना त्यांना केवळ तिकिटे विकण्यापुरती हवी असते हे स्पष्ट होते.

आता दुसऱ्या गोष्टीविषयी. ‘स्टार वॉर्स’च्या २०१७ मधील चित्रपटात काम केलेल्या केली मेरी ट्रॅन या अभिनेत्रीवर वर्णद्वेषी आणि स्त्रीद्वेषी शेऱ्यांचा इतका भडिमार झाला, की २०१८ मध्ये तिने आपल्या इन्स्टाग्राम खात्यावरील सर्व छायाचित्रे काढून टाकली. त्याच मालिकेच्या १९९९ मधील चित्रपटात जार जार बिंक्स साकारणाऱ्या अहमद बेस्ट यांनी जवळपास वीस वर्षांनी सांगितले, की त्या काळातील टीकेने ते आत्महत्येच्या विचारापर्यंत पोहोचले होते. या दोघांनी कथा लिहिली नव्हती. नेमून दिलेली भूमिका केली होती. चित्रपट वाईट वाटला असेल तर तसे सविस्तर लिहावे, तिकीट काढू नये, मित्रांनाही परावृत्त करावे. परंतु माणसाला त्याच्या रंगावरून, देहावरून टोचून हैराण करणाऱ्याचे कथेवर प्रेम आहे, असे मी मानायला तयार नाही. ‘खरा चाहता’ कोण याच्या परीक्षा घेत नवख्यांना, विशेषतः मुलींना, हुसकावून लावणारेही याच पंक्तीतले. कथेचा आनंद वाटल्याने तो कोणाच्या वाट्याचा कमी होत नाही, मग पहारा कशासाठी?

सामूहिक मागणीला माझा विरोध नाही. ‘स्टार ट्रेक’ बंद होऊ नये म्हणून प्रेक्षकांनी इतकी पत्रे लिहिली, की १ मार्च १९६८ रोजी वाहिनीला मालिका सुरू राहणार असल्याचे पडद्यावरूनच जाहीर करावे लागले. ती विनंती होती, आणि वाहिनीला नकाराची मुभा होती. उलट ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा अखेरचा सीझन ‘सक्षम लेखकांकडून’ पुन्हा करून घ्यावा, या २०१९ मधील मागणीवर पंधरा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. त्यांची निराशा मी समजू शकतो, पण सांगून झालेली कथा बहुमताने रद्द करता येत नाही. त्यांतल्या ज्यांनी आपल्या मनातला शेवट लिहून काढला, त्यांच्याविषयी मला अधिक आदर आहे.

म्हणून आपणांस विनंती, की कलाकाराला शिवीगाळ किंवा धमक्या झाल्या असतील तेव्हा बातमीत ‘चाहत्यांची नाराजी’ असे न लिहिता शिवीगाळ आणि धमक्या असेच लिहावे. तसेच, एखाद्या कथेचा शेवट न पटल्यामुळे ज्यांनी तो स्वतः लिहून पाहिला, अशा वाचकांच्या लेखनासाठी रविवारच्या पुरवणीत अधूनमधून जागा द्यावी.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक